तहानेचा हिशेब

शिवजयंतीच्या आदल्या रात्री जुन्नरला येणारे रस्ते झोपत नाहीत. नारायणगावकडून, ओतूरकडून, घोडेगावकडून टेम्पो आणि दुचाक्या येत राहतात, झेंडे फडफडत राहतात. शिवनेरीवर ज्योत पेटवायची आणि ती पळत आपल्या गावी न्यायची, हा पोरांचा दरवर्षीचा नेम. एक दमला की दुसरा पुढे होतो, ज्योत या हातातून त्या हातात जाते आणि गावाची वेस दिसेपर्यंत पाय थांबत नाहीत. फेब्रुवारीतली पहाट गार असते, पण नऊ-दहा वाजले की डांबरी रस्त्यावर ऊन चांगलंच चटका देऊ लागतं. हल्ली या पोरांपैकी अनेकांच्या मनगटावर घड्याळ असतं. किती किलोमीटर झाले, नाडीचे ठोके किती, हे तर ते सांगतंच. काही घड्याळं पळणं संपल्यावर घामावाटे अंगातलं किती पाणी गेलं असेल, त्याचाही आकडा दाखवतात.

अंगातल्या पाण्याचा हा हिशेब पूर्वीही ठेवला जायचा, पण तो ठेवणारी माणसं असायची. ज्योत गावावरून जाणार म्हटलं की वेशीवर कुणीतरी घागर भरून उभं राहायचं. धापा टाकत आलेल्या पोराच्या तोंडाकडे एकदा बघून ‘ह्याला आदी बसवा, मंग पाणी द्या’ असं बजावणारी एखादी म्हातारी त्या घोळक्यात हमखास असायची. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात वाढलेल्या माझ्या पिढीनं तहान ओळखायच्या या दोन्ही तऱ्हा जवळून पाहिल्या आहेत. त्यातलं जपायचं काय आणि सोडायचं काय, हे आज मांडावंसं वाटतं, कारण उन्हाळे अवघड होत चालले आहेत आणि पाण्यावाचून कोसळणारी माणसं आपल्याच आसपासची आहेत.

तेव्हा उन्हातून कुणी दारात आलं की पहिली हालचाल घरातल्या बाईची असायची. ओसरीवर घोंगडी पडायची, पितळेचा तांब्या यायचा आणि त्याबरोबर वाटीत गुळाचा खडा. ‘लगेच पाणी ढोसू नगं. बस, दम खा. गूळ तोंडात टाक, मंग पी.’ आलेला माणूस पाव्हणा असो, पोस्टमन असो की भीमाशंकरची वाट विचारायला थांबलेला यात्रेकरू, गूळ-पाणी सगळ्यांना सारखंच. आधी तहान भागवायची, मग नाव-गाव विचारायचं. आजीला विचारलं असतं तर यामागचं शास्त्र तिला सांगता आलं नसतं, पण रीत बरोबर होती. बसल्यानं धाप खाली येते, गुळानं थकल्या अंगाला साखर मिळते आणि पाणी घोटाघोटानं पोटात जातं.

गुळात मीठ फारसं नसतं. ते भाकरीबरोबर यायचं. पूर्वेकडे बाजरीची, डोंगरपट्ट्यात नाचणीची भाकरी, तिच्यावर मिरचीचा ठेचा, हातानं फोडलेला कांदा आणि मीठ घातलेलं ताक, ही शेतावरची न्याहारी. दुपारी नाचणीची आंबील. घामातून जे जातं ते या थाळीतून परत यायचं. उन्हाळ्यात घरी कैरीचं पन्हं असायचंच, त्यातही गूळ आणि मीठ दोन्ही. आतड्यात साखर आणि मीठ एकत्र पोचलं की त्यांच्याबरोबर पाणीही लवकर रक्तात ओढलं जातं, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडली. आमच्याकडे तिची चव आधीपासून माहीत होती.

पाणी बरोबर न्यायच्या वस्तूही आठवतात. गुराख्याच्या खांद्याला वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा असायचा. कानाजवळ हलवला की आत किती उरलंय ते कळायचं. बैलगाडीच्या दांडीला जाड कापडाची छागळ लटकलेली असायची. तिच्या कापडातून पाणी झिरपून वाळायचं आणि आतलं पाणी गार राहायचं. एसटीच्या प्रवासात फिरकीचा तांब्या. विहिरीवर मोट चालू असेल तर भांडं लागायचंच नाही, थारोळ्यात पडणाऱ्या धारेखाली ओंजळ धरायची. डोंगरात वाटेवर करवंदाच्या जाळ्या असायच्या आणि खिशात आवळकाठी. ती चघळली की तोंडाला पाणी सुटायचं आणि पुढच्या पाणवठ्यापर्यंत माणूस निभावून जायचा.

पाण्याची ही तजवीज या मुलुखात किती जुनी आहे, ते नाणेघाटात गेल्यावर समजतं. कोकणातल्या वैशाखऱ्याच्या बाजूनं चढून आलेली वाट घाटघरला निघते. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांवरून आलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं जुन्नरला चढायचा. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. वर दगडात घडवलेला मोठा रांजण आहे, जकातीचं नाणं त्यात टाकायचे असं लोक सांगतात. पण उन्हात घाट चढून आलेल्या माणसाचे डोळे रांजणाआधी लेण्याजवळच्या पाण्याच्या टाक्यांकडे वळतात. चढ जिथं जिरवतो, तिथंच पाणी साठवलेलं आहे. ही टाकी खोदवणाऱ्यांना वाटसरू कुठं थकणार हे पक्कं ठाऊक होतं.

जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत लेणी कोरली, तेव्हाही विहाराशेजारी पाण्याची पोढी, म्हणजे टाकी, कोरली. ती कोरवून देणाऱ्यांची नावं शिलालेखांत आहेत. त्यांतला एक दाता इरिल नावाचा यवन आहे. कुठल्या तरी दूर देशाशी नातं सांगणाऱ्या या माणसानं जुन्नरला दोन पोढ्या दान दिल्या. दानधर्म करायचा म्हणजे तहानलेल्याला पाणी द्यायचं, हे त्याला इथं उमगलं होतं किंवा तो ते घेऊनच आला होता. शिवनेरीवर गंगा-जमुना ही टाकी आणि बदामी तलाव आहे, चावंडवर सात टाकी ओळीनं आहेत. गड बांधताना आधी पाणी पाहायचे, मग तट.

नाणेघाट चढताना घामाचाही एक धडा मिळतो. खाली कोकणच्या बाजूला हवा दमट असते. घाम वाळत नाही, भुवयांवरून नुसता निथळतो. माथ्यावर आलं की देशावरचा कोरडा वारा लागतो, सदरा बघता बघता सुकतो आणि आता घाम थांबला असं वाटतं. तो थांबलेला नसतो, दिसायच्या आधीच उडून जात असतो. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. घाम हा शरीराचा गारवा आहे, पण तो पाण्याच्या मोलानं मिळतो. म्हणून देशावरच्या कोरड्या उन्हात माणूस फसतो. अंग कोरडं, म्हणजे पाणी गेलं नाही, असं तो धरून चालतो.

हे ओळखायला तेव्हाची माणसं अंगाकडे बघायची. ओठ सुकले, जीभ टाळूला चिकटायला लागली, डोकं ठणकायला लागलं, रात्री पोटरीत गोळे आले, की ‘ह्याच्या अंगातलं पाणी आटलं’ हे निदान घरातच व्हायचं. लघवी पिवळीजर्द होऊन जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणायचे आणि धने-जिऱ्याचं पाणी किंवा भिजवलेला सब्जा पुढे यायचा. अमेरिकेतले शास्त्रज्ञ लॉरेन्स आर्मस्ट्राँग यांनी १९९४ मध्ये लघवीच्या आठ रंगांची पट्टी प्रसिद्ध केली. रंग फिका तर पाणी पुरेसं, गडद तर कमी. जगभरचे खेळाडू आणि सैनिक ही पट्टी वापरतात. बैलगाडा शर्यतींच्या या मुलुखात तर माणसाआधी बैलाची चौकशी व्हायची. घाटातून गाडा खाली आला की मालक बैलाचं नाक ओलं आहे का ते पाहायचा, त्याला सावलीला बांधून पाणी दाखवायचा आणि नंतर स्वतः प्यायचा.

सगळ्यात नेमकी खूण मी बाळहिरड्याच्या दिवसांत पाहिली. पश्चिम आंबेगाव आणि जुन्नरच्या महादेव कोळी, ठाकर वस्त्यांमध्ये भर उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचं काम चालतं. गडी झाडावर चढून फांद्या झोडपतात, बाया-पोरं खाली वेचतात आणि कातळावर वाळत घालतात. दुपारी झाडावरून उतरलेल्या एका गड्यानं अंगातला निळा सदरा काढून दगडावर टाकला. पाठीवरचा घाम सुकला तशी निळ्या कापडावर पांढरी वेडीवाकडी कड उमटली. बोट फिरवलं की पूड हाताला लागायची. शेजारी त्याच्या भावाचा सदरा होता, तितकाच भिजलेला, पण त्याच्यावर कड जवळजवळ नव्हतीच. त्यांची आई दोन्ही सदऱ्यांकडे बघत म्हणाली, ‘ह्याच्या घामात मीठ लई. ह्याच्या ताकात चिमूटभर जास्त घालत्ये मी.’ एकाच्या घामात मीठ किती आणि दुसऱ्याच्या किती, यात कित्येक पटींचा फरक असतो, हे आज क्रीडावैद्यकातलं पायाभूत ज्ञान आहे. त्या बाईनं ते धुण्याच्या कपड्यांवरून ताडलं होतं.

तीच गोष्ट आता यंत्र मोजतं. अमेरिकेतून सुट्टीला आलेली भाची शिवनेरीचे दरवाजे पळत चढायची म्हणाली, तेव्हा तिनं हाताच्या आतल्या बाजूला एक पारदर्शक पट्टी चिकटवली. बोटभर लांबीची, चिकटपट्टीसारखी पातळ. जवळून पाहिलं तर आत केसाएवढी नागमोडी वाट कोरलेली. कातडीला टेकलेल्या बारीक भोकातून घाम त्या वाटेत शिरतो, आत ठेवलेला रंग त्यात विरघळतो आणि नारिंगी रेघ पुढे सरकू लागते. रेघ किती लांब गेली त्यावरून घाम किती आला ते कळतं. शेजारच्या भागात घामातल्या क्लोराइडनं जांभळा रंग गडद होतो, त्यावरून मिठाचा अंदाज येतो. शिवाई देवीच्या देवळापाशी पोचेपर्यंत नारिंगी रेघ निम्म्याच्या पुढे गेली होती. खाली आल्यावर तिनं मोबाइलनं पट्टीचा फोटो घेतला आणि अॅपनं तासाला किती घाम, त्यात किती सोडियम आणि भरून काढायला किती प्यावं, हे मांडून दाखवलं.

अशी पट्टी गेटोरेड या कंपनीनं २०२१ मध्ये अमेरिकेत बाजारात आणली. तिच्यामागे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले प्राध्यापक जॉन रॉजर्स यांच्या प्रयोगशाळेतलं काम आणि त्यातून उभी राहिलेली एपिकोर बायोसिस्टिम्स ही कंपनी आहे. पुढच्याच वर्षी निक्स कंपनीचं दंडाला लावायचं यंत्र आलं. ते घामातले क्षार विद्युत संवेदकानं मोजतं आणि पळता पळताच मोबाइलवर किंवा घड्याळावर ‘आता पाणी प्या’ असं कळवतं. गार्मिन आणि सॅमसंगच्या घड्याळांत घाम किती गेला याचा अंदाज मिळतो, पण तो घाम मोजून काढलेला नसतो. वजन, वेग, नाडी, हवामान यांवरून केलेलं ते गणित असतं. हा फरक वापरणाऱ्यानं लक्षात ठेवायला हवा. पट्टी घामाला हात लावते, घड्याळ घामाचा अदमास घेतं.

याचा उपयोग खरा आहे. घामावाटे वजनाच्या २ टक्के पाणी गेलं की लांब पल्ल्याच्या धावपटूचा दम कमी होऊ लागतो. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत हे पाणी होतं सव्वा लिटरच्या आत. उन्हात पळताना तासाला अर्धा ते दोन लिटर घाम जाऊ शकतो, म्हणजे जास्त घाम येणारा माणूस तासाभरातच ही मर्यादा ओलांडू शकतो. सिंहगड-राजगड-तोरणा अशा डोंगरी शर्यतींमध्ये माणूस तासन्‌तास चढतो-उतरतो. तिथं तहान लागेल तेव्हा पिऊ म्हणून भागत नाही, पाणी पुढे कुठं आहे तेही पाहावं लागतं. तयारीच्या दिवसांत आपला घाम किती आणि खारट किती हे एकदा कळलं, तर शर्यतीत काय बरोबर घ्यायचं ते ठरवता येतं. ज्याला पट्टी परवडत नाही, त्यानं पळण्याआधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करावं. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं, मधे प्यालेलं पाणी त्यात मिळवायचं. वजनकाटा हे आजही सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचं साधन आहे.

विसाव्याच्या वेळचं पाणी मोजणं मात्र यंत्रांना अजून जड जातं. सावलीत बसलेल्या किंवा झोपलेल्या माणसाला पट्टीत शिरेल एवढा घाम येत नाही. त्याचं पाणी श्वासातून आणि कातडीतून न दिसता जातं. त्यासाठी दुसरी युक्ती वापरतात. शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडायचा आणि त्याला किती अडथळा होतो ते बघायचं. पाणी आणि क्षार असलेल्या भागातून वीज सहज जाते, चरबीतून कष्टानं. २०२१ च्या सॅमसंग गॅलेक्सी वॉच ४ मध्ये ही सोय आली. घड्याळाच्या दोन कळांवर दोन बोटं ठेवायची, काही सेकंद थांबायचं, आणि अंगातल्या एकूण पाण्याचा आकडा येतो. हा आकडा महिनोन्‌महिन्यांचा कल पाहायला ठीक आहे. आज दुपारी आपण किती सुकलो, हे सांगायला तो पुरा पडत नाही, कारण जेवण, घाम, कातडीचं तापमान यांनी तो हलतो.

पूर्वी विसाव्याच्या पाण्याची काळजी घराच्या रीतींत होती. निजताना उशाशी तांब्या-भांडं ठेवल्याशिवाय दिवा मालवत नसत. सकाळी उठल्या उठल्या त्यातलं उरलेलं पाणी प्यायचं. दुपारी आबा झोपून उठले की सून पाणी घेऊन उभी, त्यांनी मागितलं नसलं तरी. यातलं मोल मला फार उशिरा उमगलं. वय वाढलं की तहानेची जाणीव मंद होते. म्हाताऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, पण घसा ते सांगत नाही. तिथं न मागता दिलेला तांब्याच उपयोगी पडतो. आज त्या वयाचे अनेक आई-वडील गावाकडच्या घरात एकटे आहेत, मुलं पुण्यात किंवा परदेशात. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ दर दोन तासांनी पाण्याची आठवण करून देणार असेल, तर ते मी आनंदानं बांधीन. रोजच्या फोनमध्ये ‘जेवलात का’ याच्या जोडीला ‘पाणी प्यालात का’ हेही विचारीन.

बसल्या जागीही पाणी किती जातं, याची आठवण महाराष्ट्राला फार दुःखानं झाली. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघातानं बळी गेला. ती माणसं पळत नव्हती, डोंगर चढत नव्हती. सावली आणि पाणी वेळेवर मिळालं असतं तर ती घरी परतली असती.

जुनं ते सगळंच चांगलं होतं असं म्हणणं त्या काळावरही अन्याय करणारं ठरेल. तालमीत आणि शाळेच्या मैदानावर ‘व्यायाम करताना पाणी प्यायचं नाही’ असा दंडक होता. गुळण्या करा, पण गिळू नका, असं सांगायचे. उन्हात कबड्डी खेळून पोरं भोवळ येऊन पडायची आणि तो त्यांचा अशक्तपणा समजला जायचा. त्याहून घातक समजूत होती ती हगवणीची. पोराला जुलाब लागले की त्याचं पाणी तोडायचे, दूधही थांबवायचे. पोटात गेलं की बाहेर पडतं, म्हणून द्यायचंच नाही, असा साधा तर्क. त्यात किती लेकरं गेली, याचा हिशेब कुणीच ठेवला नाही.

ही समजूत मोडली ती मीठ-साखर-पाण्यानं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचं सलाइन संपत आल्यावर मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडावाटे द्यायला सुरुवात केली आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आणलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हा पाठ पुढे आरोग्यसेविकांनी वाडीवाडीत पोचवला. गावातल्या भिंतींवर तो रंगवलेला असायचा. आजीचं गूळ-पाणी आणि डॉक्टरांचं हे पाणी एकाच समजुतीच्या दोन पायऱ्या आहेत, आणि मोजून मापून दिल्यामुळे दुसरी पायरी लाखो जीव वाचवू शकली. म्हणून मला मोजण्याबद्दल आदर आहे.

पण मोजमाप हाती आलं की जास्त पिण्याचा मोहही होतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यांतल्या १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं होतं, आणि त्याचं मोठं कारण होतं गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. पळून आल्यावर त्यांतल्या अनेकांचं वजन घटण्याऐवजी वाढलं होतं. अशा वेळी मेंदूला सूज येऊन माणूस दगावूही शकतो. दिवसाला अमुक लिटर पाणी प्यायलाच हवं, असं घड्याळानं सांगितलं म्हणून पोट फुगेपर्यंत पिणं हे त्याच वाटेनं जाणं आहे. निरोगी तरुण माणसाची तहान बहुतेक वेळा खरं बोलते. तिचं ऐकायची सवय सुटू देऊ नये.

आता ज्यांच्यासाठी हे यंत्र सगळ्यात जास्त उपयोगाचं ठरावं, त्यांच्याकडे पाहू. जुन्नर-आंबेगावात सगळ्यात जास्त घाम धावपटू गाळत नाहीत. तो हिरड्याच्या झाडावर गाळला जातो, मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढताना आणि तापत्या उन्हात टोमॅटो तोडताना गाळला जातो. पश्चिमेकडच्या वाड्यांतून बाया मजुरीसाठी नारायणगाव-मंचरच्या शिवारात येतात. त्यांच्यातल्या अनेकजणी सकाळी घरून निघताना पाणी कमी पितात आणि दिवसभर घोटावर भागवतात. कारण विचारलं तर हळू आवाजात सांगतात, ‘आडोसाच नाही, जायचं कुठं?’ उन्हाळी लागणं, मूतखडा, चक्कर हे त्यांच्या वाट्याला का येतं, ते या उत्तरात आहे. त्यांच्या मनगटावर जगातलं उत्तम घड्याळ बांधलं आणि त्यानं तासातासाला पाणी प्यायला सांगितलं, तरी त्या पिणार नाहीत. परदेशात कारखान्यांत आणि बांधकामावर उन्हात राबणाऱ्या कामगारांसाठी घाम मोजणारी यंत्रं वापरात आली आहेत. इथं ती आली तर स्वागतच आहे, पण यंत्राआधी शेताच्या बांधावर संडास आणि सावली लागेल.

आणि पाणीही लागेल. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, ही कुकडी प्रकल्पाची धरणं याच दोन तालुक्यांत आहेत. डिंभ्याच्या पाण्याखाली तालुक्याला नाव देणारं जुनं आंबेगाव गेलं. त्याच धरणांच्या वरच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात ढग दारात उतरतात, त्या वाड्यांमध्ये मे महिन्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याची वाट तुडवतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण इथं रोज अनुभवाला येते. अंगातलं पाणी मोजण्याइतकी प्रगती झाली असताना वाडीत प्यायचं पाणी पोचू नये, हे मला मान्य होत नाही.

माझं मत साधं आहे. मोजायची साधनं चांगली आहेत, ती वापरावीत. लांब पळणाऱ्यानं, डोंगर चढणाऱ्यानं आपला घाम ओळखावा. म्हाताऱ्या माणसाला आठवण करून देणारं यंत्र घ्यावं, आणि त्याचा आकडा आणि अंगाची खूण यांचा मेळ बसत नसेल तर अंगावर विश्वास ठेवावा. मात्र ज्या दिवसांची मला ओढ वाटते, त्यांची खरी ताकद दुसऱ्याच्या तहानेकडे लक्ष देण्यात होती. टाकं कोरवणारा यवन, वेशीवरची म्हातारी, उशाशी तांब्या ठेवणारी सून, या सगळ्यांनी स्वतःची नव्हे तर दुसऱ्याची तहान मोजली. ही सवय कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती. या उन्हाळ्यात आपल्या गावच्या फाट्यावर, यात्रेत, गडाच्या पायथ्याशी माठाची पाणपोई सुरू करा आणि ती रोज भरली जाते का ते पाहा. शेतावर मजूर असतील तर दर तासाला काम थांबवून सगळ्यांना पाणी द्या, जेवणाबरोबर मीठ घातलेलं ताक ठेवा, उन्हाचा कडाका असेल तर भर दुपारचं काम टाळा. आणि बायांसाठी चार बांबू नि ताडपत्रीचा का होईना, आडोसा उभा करा. त्याला घड्याळापेक्षा कमी खर्च येतो.